गुलाबी दाणे

मित्रांनो, मी एक जुना पॉपकॉर्नचा वाडगा आहे. घरातल्या पितळी पातेल्यांपुढे माझं वय काहीच नाही, तरी मला जुनाच म्हणा. एका दुपारीच मी जुना झालो. त्या दुपारची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सिलिकॉन नावाचा रबरासारखा मऊ पदार्थ साच्यात दाबून मला घडवलं. लालभडक रंग, वर घट्ट झाकण. दाबलं की मी ताटलीसारखा चपटा होतो, ओढलं की खोल. माझ्यात मक्याचे बारीक टणक दाणे टाकायचे, झाकण लावायचं आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं, एवढंच माझं काम. तेल लागत नाही. कागदी पाकीट एकदा वापरून फेकतात. मला मात्र धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतं.

कुरिअरने मी रोहिणखेडला आलो, जयमालाच्या घरी. जयमालाचा नवरा हर्षल पुण्याला कंपनीत होता. घरात ती, तिची मुलगी प्राची आणि सासरे उकंडराव. जयमाला ब्लाउज शिवायची. मायक्रोवेव्ह तिला तिच्या भावाने दिला होता, आणि उकंडरावांना त्याचा भारी संशय. "आग नाही, धूर नाही, अन् शिजते कसं?" असं ते म्हणायचे. पहिल्या दिवशी माझ्या पोटात दाणे तडतडू लागले तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले होते. मग झाकण उघडलं, पांढरंशुभ्र पीक वर आलं, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू फुटलं.

जयमालाने प्राचीला नीट शिकवलं होतं. "इथून हलायचं नाही. कान देऊन ऐकायचं. तडतड मंदावली का बंद करायचं." प्राची तसंच करायची. शेजारच्या सहदेवची डिंपल, प्राचीहून लहान, नेहमी तिच्या मागे उभी असायची. तिला फुललेले दाणे नको असायचे. तळाशी उरलेले अर्धवट तडकलेले दाणे ती वेचायची आणि कडकड चावायची. जयमाला म्हणायची, "पोरी, दात पडतीन तुहे." डिंपल हसायची आणि पुन्हा हात घालायची.

ते दिवस चांगले होते.

मृगाच्या पेरणीला उकंडरावांनी मक्याचं बियाणं आणलं. पेरून झाल्यावर थोडं उरलं. ते दाणे मी खिडकीतून पहिल्यांदा पाहिले. जयमालाने मला धुऊन तिथे पालथा ठेवला होता. उकंडराव अंगणात बसून फाटक्या पिशवीतलं बियाणं एका बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ओतत होते. दाणे गुलाबी होते. कीड लागू नये म्हणून त्यांना औषध लावलेलं असतं. पिशवीवर इशारा छापलेला होता, पण पिशवीला उंदरांनी भोकं पाडली होती.

"मामाजी, हे घरात काऊन ठेवता?" जयमालाने आतून विचारलं.

"माळ्यावर ठेवतो वो. कुठं उगवलं नाही तं सांधणीले लागते कधी कधी. लेकरं काय मक्याचं बियाणं खातीन?"

तिच्या हाती शिलाई होती. तिने पुन्हा सुई चालवली. डबा माळ्यावर गेला. रिकामी पिशवी उकंडरावांनी शेतात नेली आणि रोही, म्हणजे नीलगाई, बुजाव्यात म्हणून कुंपणाच्या तारेला बांधली.

ओतताना चार दाणे अंगणात सांडले होते. संध्याकाळी एक साळुंकी आली. तिने ते टिपले. सकाळी ती तुळशीजवळ पडली होती, पाय आखडलेले, चोच उघडी. जयमालाने तिला सुपलीत घेतलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"उन्हानं मेली असन," उकंडराव म्हणाले.

ऊन कुठे होतं? आभाळ भरून आलं होतं. पण जयमालाने सुपली कुंपणापलीकडे रिकामी केली आणि ती कामाला लागली. मी खिडकीत पालथा पडून ते पाहिलं.

दिवाळीची साफसफाई निघाली. माळ्यावरचं सगळं खाली आलं. जुन्या चादरी, पणत्या, तुटका पंखा, आणि तो बिस्किटांचा डबा. जयमालाने त्याच्यावरची धूळ पुसली. आत काय आहे ते ती विसरली होती, आणि उघडून बघायला तिला सवड नव्हती. माळा पुसून होईस्तोवर तिने तो स्वयंपाकघरात फडताळात ठेवला, शेवेच्या डब्याशेजारी. सण आला, पाहुणे आले, आणि डबा तिथेच राहिला.

रोज फडताळ उघडायचं आणि रोज तो मला दिसायचा.

दिवाळीची सुटी संपत आलेली होती. दुपार होती. जयमाला कुणाचं माप घ्यायला गल्लीत गेली होती. उकंडराव ओसरीत बाजेवर आडवे झाले होते. प्राचीने मला खाली घेतलं, पॉपकॉर्नची बरणी उघडली तर बरणी रिकामी.

"आता?" डिंपलचं तोंड उतरलं.

प्राचीने फडताळ धुंडाळलं. एकेक डबा उघडत गेली. बिस्किटांच्या डब्याचं झाकण कटकन निघालं.

"डिंपल! पाह्य, गुलाबी!"

"स्ट्रॉबेरीवाले होय," डिंपल म्हणाली. जत्रेत तिने रंगीत पॉपकॉर्न खाल्ले होते. "काकूनं लपवून ठेवले असतीन."

मूठभर दाणे माझ्यात पडले. मित्रांनो, मला दाण्याची पारख आहे. पॉपकॉर्नचा दाणा बारीक, गोल आणि वजनदार असतो. हे दाणे मोठे आणि चपटे होते, आणि त्यांच्या अंगावरची पूड माझ्या तळाला चिकटली. दार लागलं. आतला दिवा पेटला. मी फिरू लागलो.

प्राची कान देऊन उभी होती. तडतड येईना. बराच वेळ नुसती सूं सूं. मग एखादा दाणा कटकन तडके आणि पुन्हा शांतता. माझ्या पोटात धूर साठू लागला. मक्याचा खमंग वास नव्हता तो. फवारणीच्या दिवशी शेतावरून येतो तसला उग्र वास होता. झाकणाच्या फटीतून तो बाहेर पडला.

"फुटूनच नाही राह्यले," प्राचीने मायक्रोवेव्ह बंद केला. झाकण काढताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने एक दाणा तोंडात टाकला आणि थुंकला. "कडू हाय. फेकून देऊ."

पण डिंपलला तडकलेलेच दाणे आवडायचे ना. प्राची चूळ भरायला मोरीकडे गेली तेवढ्यात डिंपलने माझ्यात हात घातला. कडकड, कडकड. ती चावत होती आणि कडूपणाने तोंड वाकडं करत होती, तरी खात होती.

जयमाला दारातून आत आली तीच पदर नाकाला लावून. "कशाचा वास होय हा?"

मग तिने डिंपलची बोटं पाहिली. गुलाबी. ओठ गुलाबी. तिची नजर ओट्यावरच्या उघड्या डब्यावर गेली.

"मामाजी!" ती किंचाळली.

उकंडराव धावत आले. त्यांनी डब्यात हात घातला आणि मूठभर दाणे उजेडात धरले. "हे तं बियाणं होय वो. ह्याले औषध लावेल हाय."

डिंपलच्या तोंडातून लाळ गळायला लागली होती. "काकू, पोटात कसंतरी होते," ती म्हणाली आणि उलटी झाली.

शेजारच्या बाया जमल्या. कुणी म्हणाली मिठाचं पाणी पाजा, कुणी म्हणाली दूध द्या. जयमालाने सगळ्यांना मागे सारलं. "काहीच पाजू नोका. आधी डॉक्टर." तिने दोन्ही पोरींची तोंडं आणि हात साबणाने धुतले. मग मला, उरल्या दाण्यांसकट, आणि तो डबा एका पिशवीत कोंबला. डॉक्टरला दाखवायला.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि रुग्णवाहिका बोलावून बुलढाण्याला पाठवलं. राजूरचा घाट चढताना मी जयमालाच्या मांडीवर होतो. समोर डिंपल आडवी, डोळे अर्धे मिटलेले. तिची आई तिचे तळपाय चोळत होती. प्राची कोपऱ्यात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आई, म्या तिले नाही देल्ले." वळणावर गाडी वळली की डिंपलचं डोकं सैल होऊन एका बाजूला पडायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता ते उचललं जाणार नाही.

बुलढाण्याला डॉक्टरांनी माझ्यात पाहिलं, वास घेतला. "बियाण्याला कोणतं औषध लावलं होतं? पिशवी आहे का? नाव कळलं तर बरं होईल."

पिशवी शेतात होती, तारेला बांधलेली.

पिशवी मागतील हे ओळखून उकंडराव आधीच निघाले होते. त्यांना शेतात घेऊन गेला तो सहदेव, डिंपलचा बाप. पुढचं मला नंतर कळलं, उकंडराव जयमालाला सांगत होते तेव्हा.

"त्यानं गाडी काढली अन् म्हणे, बसा. साऱ्या रस्त्यानं एक शब्द नाही बोलला माह्याशी. शेतात गेलो तं तारेची गाठ सुटेना. त्यानं दातानं तोडली. म्या त्याच्या पायावर डोकं ठेवलं, म्हटलं, सहदेव, माह्या हातून झालं. तं तो म्हणे, आबा, रडू नोका आता. आधी ते नाव दिसते काय ते पाहा."

सहदेवने मोबाईलवर पिशवीचा फोटो काढून पाठवला. जयमालाच्या हातातला फोन वाजला. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि घाईने आत गेले.

डिंपल वाचली. पण तिला घरी यायला बरेच दिवस लागले, आणि आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. ती पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात आली नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं. उंबऱ्याशी येऊन ती आत बघायची आणि परत फिरायची.

जयमालाने मला कितीदा तरी धुतलं. वास गेला नाही. एका सकाळी तिने कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि माझ्या बुडाला आरपार भोक पाडलं. प्राची रडली. जयमाला म्हणाली, "फेकलं तं कोणी उचलून नेईन. आता कोणी ह्यात रांधणार नाही."

उकंडरावांनी मला मागून घेतलं आणि शेतातल्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, खिळ्याला टांगलं. खाली कुलपाची लोखंडी पेटी ठेवली. यापुढे उरेल ते बियाणं तिच्यात, त्याच्याच पिशवीत.

जमलेल्या बायांनी उलटी पाहिली होती, दाणे नाही; गावात खरं कुणाला ठाऊक नव्हतं. डिंपलला काहीतरी बाधलं, एवढंच लोक म्हणायचे. सहदेव बोलला नाही. उकंडरावही बोलले नाहीत. लाजेने ते पारावर बसायचे बंद झाले होते. कोठ्यात येऊन माझ्याकडे पाहत बसायचे.

पुन्हा मृग आला. पेरण्या आटोपत होत्या. कोठ्याच्या दारातून मला पलीकडचं शेत दिसत होतं. तिथे गोजरबाई बांधावर बसून उरलेलं बियाणं एका मिठाईच्या डब्यात ओतत होती. गुलाबी दाणे. शेजारी तिची नात मातीत खेळत होती.

उकंडरावांनी ते पाहिलं. ते उठले, पुन्हा बसले. विडी काढली, पेटवली नाही. मग उठून मला खिळ्यावरून काढलं आणि बांध ओलांडला.

"गोजरबाई, ते डब्यात नोको ओतू."

"काऊन वो? माळ्यावर ठेवीन. लेकरं काय खातात हे?"

उकंडरावांनी मला तिच्यापुढे धरलं. "सहदेवच्या पोरीनं खाल्लं होतं. माह्या घरी. म्या ठेवेल डब्यातलं. ह्याच्यात भाजून खाल्लं तिनं."

गोजरबाईने माझ्या भोकातून पलीकडे पाहिलं, मग नातीकडे. तिने हातातला डबा पुन्हा पिशवीत उपडा केला, आणि आधी माती घेऊन, मग पाण्याने हात घासघासून धुतले.

मित्रांनो, औषध लावलेलं बियाणं त्याच्याच पिशवीत ठेवा, घराबाहेर ठेवा, कुलपात ठेवा. खाण्याच्या डब्यात ते कधी ओतू नका. आणि ओतताना कुणी दिसलं तर लाजू नका, सांगा. त्या दिवशी उकंडराव मला हातात घेऊन पुढच्या बांधावर गेले, मग त्याच्या पुढच्या. पण शिवार केवढं मोठं आहे, आणि दिवस मावळतीला आला होता.