क्रिस्टिनाच्या क्रुसाचं रडणं

“रडतेय! ऐका, क्रिस्टिना रडतेय!”

आमच्या लुथेरन दफनभूमीत अख्खं गाव थिजून उभं होतं. तो मृतांचा रविवार. आम्ही कझाकस्तानातले जर्मन त्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर हिरव्या फांद्या ठेवतो. गवताळ माळावरून वारा सुटला होता आणि क्रिस्टिनाच्या लोखंडी क्रुसातून ‘हूंऽऽ’ असं लांबलचक विव्हळणं येत होतं. खोटं कशाला सांगू, माझीही पाचावर धारण बसली.

गावचा मांत्रिक थेओबाल्ड डोळे फिरवत ओरडला, “भुकेली आहे ती! नातीला मागतेय! पोरीला थडग्यावर निजवा. सुई टोचलीत तर गेलीच म्हणून समजा!” मग त्याने क्रुसाला मिठी मारली, काहीबाही पुटपुटला, आणि रडणं थांबलं! बायका गुडघ्यांवर कोसळल्या. असल्या एका मिठीची दक्षिणा म्हणजे घरचा पाळलेला एक लठ्ठ हंस.

क्रिस्टिनाची लेक हुल्डा शालीत गुंडाळलेल्या आपल्या बर्टाला घेऊन पुढे सरकली. पोरीचा श्वास घरघरत होता. मी गावची नर्स, मी आडवी आले.

“हुल्डा, हा घटसर्प आहे. औषध माझ्या पिशवीत आहे. आत्ता टोचलं नाही तर पोर गुदमरेल गं!”

“नको ओटिली! युद्धात सरकारने आम्हा जर्मनांना आगगाडीतून इथे आणून टाकलं, त्या हिवाळ्यात आईने तिच्या वाटचा पाव मला दिला आणि ती उपाशी मेली. तिचा पाव मी खाल्लाय. आता ती मागणारच ना?”

माझं डोकंच फिरलं. थेओबाल्डने मिठी सोडली तसं विव्हळणं पुन्हा सुरू झालं. मी क्रुसाजवळ जाऊन वाकून पाहिलं. माळावर क्रुसाजोगं लाकूड कुठलं? आमचे क्रूस पाण्याच्या पाइपांचे, टोकांना लाकडी बूच ठोकलेले. आडव्या पाइपाचं एक बूच गायब होतं, कडेला चाकूचे ताजे ओरखडे. मिठी मारताना थेओबाल्डचा पंजा नेमका तिथेच बसायचा.

मी अंगठा दाबला. आवाज बंद. काढला, तर ‘हूंऽऽ’.

“हात लावू नकोस! शाप लागेल!” थेओबाल्ड किंचाळला.

मी तडक त्याच्या बापाच्या क्रुसाकडे गेले आणि पिशवीतल्या कात्रीने बूच उपसलं. बापही विव्हळू लागला, जरा जाड आवाजात.

“थेओबाल्ड, तुझेही वडील बोलावताहेत. निजतोस का थडग्यावर?”

कोणीतरी भीत भीत फिसकन हसलं. थेओबाल्ड दोन पावलं मागे सरकला.

“बाटलीच्या तोंडावर फुंकलं की ती वाजते ना? तसा वाऱ्याने पाइप वाजतोय,” मी म्हटलं. “घाबरा हवं तर, मीही घाबरले. पण आवाज कुठून येतो ते आधी बघाल की नाही? आणि हुल्डा, स्वतःच्या तोंडचा पाव तुला भरवणारी आई तुझ्या लेकीचा जीव मागेल?”

हुल्डा हुंदके देत खाली बसली. दोन्ही क्रूस अजून विव्हळत होते, तिचे दात भीतीने वाजत होते, तरी बर्टाची शाल तिने स्वतःच्या हाताने सोडली.

“टोच,” ती म्हणाली.

बर्टा वाचली.