अर्धाच टापू

केनवडच्या बाजारातलं हरीओमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दिवाळीनंतर उघडलंच नाही. सोल्डरिंगचं तापलेलं टोक त्यानं चुकून स्वतःच्याच बोटावर टेकवलं, त्या दिवशी शटर ओढलं ते ओढलंच. गावाला सांगितलं, धंद्यात राम राहिला नाही. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की त्याची नजर आक्रसत चालली आहे. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. येता-जाता दाराची चौकट खांद्याला लागायची. रुख्मिणीबाई लेकाला वाढताना पाण्याचा गडवा ताटाच्या अगदी समोर ठेवायला लागल्या होत्या, न बोलता.

त्याची धाकटी बहीण वर्षाराणी वाशीमला शाळेत शिकवायची. हिवाळ्यात तिनंच त्याला अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाल्यावर हरीओम बाहेर बाकावर डोळे मिटून बसला होता, तेव्हा डॉक्टरांनी तिला सांगितलं, "डोळ्याचा पडदा वाळत चाललाय. यावर औषध नाही. नजर वर्षभर टिकेल, फार तर थोडं जास्त. त्यांना मी सांगू की तुम्ही?"

"मीच सांगते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर भावानं विचारलं, "काय म्हने?"

"टाइम लागते म्हने. थेंब टाकत राहाचे."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मग माघारी घेता येईना.

उन्हाळा लागता लागता, एका रविवारी ती घरी आली तर हरीओम खुशीत होता. "वर्षे, ऐकलं काय? आपला टापू नव्यानं येऊन राह्यला!"

टापू म्हणजे त्यांच्या लहानपणीचा कॉम्प्युटरवरचा खेळ. खरं नाव इंग्रजी होतं, पण घरात तो टापूच. ओसाड बेटावर माणसं उतरवायची, लाकूड तोडायचं, शेतं वसवायची, मग फौज उभारून शेजाऱ्यावर चाल करायची. वडिलांनी, जगदेवरावांनी, वाशीमहून जुना कॉम्प्युटर आणला होता, त्यावर ही दोघं एका खुर्चीत अर्धी अर्धी बसायची. शेती-कोठारं तिची, लढाई त्याची. आपल्या गावाचं नाव केनवड आणि शत्रूच्या गावाचं रिठद. रुख्मिणीबाई चिडायच्या, "माह्या माहेराले कायले जाळता रे मेल्याहो!"

तो खेळ आता नव्या रूपात येत होता, पण अर्धाच बनलेला. कंपनी तो तसाच विकत होती. उरलेला भाग पुढे भरू म्हणत होती. वर्षाराणीनं मोबाइलवर लोकांचं म्हणणं वाचून दाखवलं. बहुतेकांचा सूर एकच होता: चित्रं सुंदर आहेत, पण घाई करू नका, थांबा.

"बराबर हाय," हरीओम म्हणाला. "अर्धा कायले घ्याचा? दोन वर्सं लागतीन म्हनतात. लागू दे. तवरोक माहे डोये बी ठीक होतीन."

वर्षाराणीनं मोबाइल बाजूला ठेवला. आत्ताच घे म्हणावं, तर तो विचारणार, काहून? थांबू म्हणावं, तर त्याला पुन्हा एकदा फसवल्यासारखं होणार. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसून राहिली.

पुढच्या रविवारी तिनं त्याला न विचारता त्याच्या लॅपटॉपवर खेळ विकत घेतला. तो डाउनलोड होत असतानाच हरीओम आत आला. पडद्याला नाक लावून त्यानं नाव वाचलं.

"थांबू म्हटलं होतं ना आपन?"

"नाई थांबता येत, भाऊ."

असं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. अंगणात रुख्मिणीबाई गहू पाखडत होत्या, तेवढाच आवाज येत राहिला.

"अकोल्यालेच सांगतलं होतं डाक्टरनं?"

"हो."

"किती दिवस हायेत?"

तिनं सांगितलं. तो उठला. "माहे डोये होते, वर्षे. पह्यले मले सांगाले पाह्यजे होतं." खांदा चौकटीवर आपटून तो बाहेर गेला. टाक्यावर तोंड धुण्याचा आवाज बराच वेळ येत होता. ती खुर्चीतच बसून होती; जावं की थांबावं तिला कळेना.

तो परत आला तेव्हा सदऱ्याचा गळा भिजला होता. "लाव," तो म्हणाला.

समुद्र उघडला. निळा, उन्हानं चमकणारा. हरीओमला त्यातली होडी दिसत होती, किनारा दिसत नव्हता. ती सांगत गेली: डावीकडे जंगल, वर टेकडी, टेकडीखाली पाणी. तो म्हणत गेला: इथं दोन माणसं उतरव, इथं बुरूज बांध. हळूहळू त्याचा आवाज चढला. मग एका जागी तो अडला.

"वरच्या बाजूचं मले दिसून नाई राह्यलं."

"मले बी नाई दिसत. तिथं नुसतं धुकं हाय. तेवढा भाग बनलाच नाई अजून."

तो पडद्यावरून मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा त्याला पुरता दिसण्यासाठी मान थोडी इकडे, थोडी तिकडे करावी लागत होती.

"खरं सांग."

"खरं. आईची आन."

तरी त्यानं आईला हाक मारली. कोंड्यानं भरलेल्या हातांनी रुख्मिणीबाई आत आल्या, पडद्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "धुकंच हाय बापा." तेव्हा कुठं त्यानं मान डोलावली. वर्षाराणीला ते डॉक्टरच्या बोलण्याहून जास्त लागलं.

त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक रविवारी ते खेळले. पोळ्याच्या सुमाराला त्याला होडीही दिसेनाशी झाली. थंडीत तो नुसता खिडकीकडे तोंड करून ऐकायचा. मग एका रविवारी त्यानं लॅपटॉप लाव म्हटलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

खेळ पुरा झाल्याची बातमी आली तेव्हा ती शाळेत होती. मधल्या सुट्टीत तिनं फोन लावला.

"धुकं गेलं काय?" त्यानं विचारलं.

"गेलं म्हनतात. मी पाह्यलं नाई अजून."

 फोनमध्ये त्याच्या मागे कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"रविवारी ये," तो म्हणाला. "जे असन ते सांगजो मले. सोडजो नको काई."