अकरा ताटं

"दहा जवानांचा सेक्शन," रुपालीने वाचलं आणि बापूरावांनी टेबलावर हात आपटला.

"अकरा," ते म्हणाले.

खडकीतल्या माजी सैनिक संघाच्या कचेरीत तिघंच होते. एकाहत्तरच्या लढाईत टेकडीवरची चौकी राखणाऱ्यांची नावं दगडावर कोरायची होती, आणि पाथरवट संध्याकाळी कागद न्यायला येणार होता. इंग्रजी मजकूर मराठीत आणताना रुपाली मेटाकुटीला आली होती. प्लाटून, स्क्वॉड, सेक्शन, कोशात सगळ्यांना एकच शब्द, तुकडी. शेवटी संघाचे सचिव यज्ञेश्वर यांना विचारून तिने 'सेक्शन' तसाच ठेवला आणि अर्थ कळावा म्हणून आधी आकडा घातला.

"सेक्शन म्हणजे दहा जण, बापूराव," यज्ञेश्वर म्हणाले. "आपण स्वतः त्यात होता. आता फौजेची रचना बदलायची म्हणता?"

"आमचा हवालदार बंदुका न्हाई, ताटं मोजायचा. अकरा भरली की सेक्शन पुरा. अकरावा गेनबा."

"गेनबा स्वयंपाकी होता. त्याची नोंद मुख्यालयात."

"नोंद तिकडं, माणूस आमच्यात. त्या दिवशी रोट्यांचं गाठोडं घेऊन वर आला. खाली जा म्हटलं, तर ऐकलं न्हाई. गोळ्यांच्या पेट्या वाहत राहिला. तिथंच पडला."

यज्ञेश्वर चष्मा पुसत राहिले. माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेर पाऊल पडलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, इतकंच.

"सेक्शन लिहून खाली अकरा नावं दिली, तर उद्‌घाटनाला येणारे अधिकारीच हसतील. दहाच्या वर मला जाता येणार नाही."

"सोजरवहिनी येणार हाय लोणी काळभोरवरनं. गेनबाची बायको. नातीनं तिला अक्षरं शिकवलीत. दगडावर त्याचं नाव वाचणार म्हणती."

बापूरावांनी यादी पुढे ओढली, खालपर्यंत बोट नेलं आणि एका नावावर थांबवलं.

"दहाच पायजेत ना? मग हे काढा."

ते त्यांचं स्वतःचं नाव होतं.

"अहो, काहीतरीच काय!" रुपाली म्हणाली.

"मी हाय की अजून, पोरी. कुणी इचारलं तर सांगीन, मी व्हतो म्हणून. त्यानं कुणाला सांगायचं?"

यज्ञेश्वरांनी यादी आपल्याकडे फिरवली आणि पेन उघडलं. हे आता खरंच नाव खोडणार, असं वाटून रुपालीला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी वरच्या ओळीतला 'दहा' खोडला, त्यावर ठळक 'अकरा' लिहिलं आणि पेन यादीच्या तळाशी नेलं.

"गेनबांचं पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले. "वडिलांच्या नावासकट."