रामबाईच्या गाण्याची चौथी फोड

मित्रांनो, मी एक जुना संगणक-प्रोग्राम आहे. मला ना चाक, ना पातं, ना दांडा. दीडशे ओळींचा मजकूर, एवढाच माझा देह. लांबलचक फाईल माझ्या हवाली केली की तिचे सारख्या आकाराचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका फ्लॉपीवर ठेवायचा, हे माझं काम. आंब्याच्या फोडी करतात ना, तसं. म्हणून किसनरावांनी माझं नाव ‘फोडी’ ठेवलं.

किसनराव वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवायचे. तिथे १९८७ साली संगणक आला. त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि शिपाई डोमाजी दारातच सगळ्यांच्या पायांकडे बघत उभा असे. संगणकातली जागा कायम भरलेली, आणि फ्लॉपीत मावायचं ते चिमूटभर. तुम्ही फ्लॉपी पाहिली नसेल. पातळ, काळं, चौकोनी पाकीट, आत तपकिरी चकती. पाकिटाला एक लांबट खिडकी असायची आणि तिच्यातून ती चकती उघडी दिसायची. तिथे बोटसुद्धा लावायचं नसे.

माझा जन्म झाला तो सुलोचनाबाईंच्या कामापायी. त्या किसनरावांच्या शाळेतल्या बाई. तळेगावला शिकवत होत्या तेव्हापासून, म्हणजे १९७४ पासून, त्या जंगलाकडच्या गोंड वस्त्यांवर जाऊन गाणी लिहून आणायच्या. निवृत्त झाल्यावर वह्या घेऊन त्या किसनरावांकडे आल्या. “किसन, याचं पुस्तक व्हायला पाहिजे,” एवढंच म्हणाल्या. किसनरावांनी रोज थोडं थोडं करून सगळं टंकलं. छापखाना नागपूरला. तिथे मजकूर न्यायचा तर फ्लॉपीवरूनच, आणि फाईल तर एका फ्लॉपीत मावेना. मग एका रविवारी बसून त्यांनी मला लिहिलं. मी पहिली फाईल बिनचूक कापली, तेव्हा बाईंनी माझ्यापुढे पेढा ठेवला. तो डोमाजीने खाल्ला.

एक गाणं मात्र कुठल्याच वहीत नव्हतं. ते रामबाईचं. रामबाई त्यातल्याच एका वस्तीवरची. ती बाळंतपणं करायची, झाडपाल्याची औषधं द्यायची. तिच्या गाण्यात जंगलातलं एकेक झाड यायचं. त्याचं काय घ्यायचं, कोणत्या महिन्यात घ्यायचं, कशावर द्यायचं, सगळं त्यात. बाईंनी चौदा वर्षं मागितलं, तिने चौदा वर्षं टाळलं. शेवटी ८८च्या उन्हाळ्यात ती आपल्या पायांनी वर्ध्याला आली, संगणकासाठी थंड ठेवलेल्या त्या खोलीत पदर लपेटून बसली आणि दोन दिवस सांगत राहिली. मध्येच थांबून विचारायची, “काऊन रे बाबू, लिवलं का?” किसनराव थेट संगणकावरच टंकत गेले. कागदावर एक ओळही उतरली नाही.

भादव्यात रामबाई वारली.

आता माझा दोष सांगतो. सुरुवातीला मी शहाणा होतो. कापून झालं की विचारायचो, ‘मूळ फाईल पुसू का?’ होय म्हटलं तरच पुसायचो. पण परीक्षेच्या याद्या, निकाल, हजेऱ्या, सगळं माझ्याच हातून जाऊ लागलं. जागा तर मोकळी करावीच लागे. दिवसाला वीस वेळा तेच उत्तर द्यायचा किसनरावांना कंटाळा आला आणि त्यांनी तो प्रश्न काढून टाकला. मग मी न विचारता पुसू लागलो. काम झटपट होऊ लागलं आणि माझं फार कौतुक झालं. मलाही ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या दोन दिवस आधी किसनरावांनी रामबाईचं गाणं जोडलेली बाईंची फाईल मला दिली. मी पाच फोडी केल्या आणि मूळ फाईल पुसली. दुसरा संच करायला कोऱ्या फ्लॉप्या नव्हत्या. “सुट्टीनंतर करू,” ते स्वतःशीच म्हणाले. चौथ्या फोडीत रामबाईचं गाणं होतं. मेलेल्या माणसाचा मान म्हणून त्यांनी चौथीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिचं पूर्ण नाव, गाव, सांगितल्याची तारीख असं सगळं वळणदार अक्षरांत लिहिलं. चिठ्ठीवर तिळाएवढी जागा उरली नाही.

खंडेनवमीला डोमाजीने यंत्राची पूजा मांडली. झेंडू आणले, नारळ फोडला, पाचही फ्लॉप्या कागदी खोळीतून काढून ओळीने ठेवल्या. इतर चारींच्या चिठ्ठ्यांवर कोरी जागा पाहून ओल्या कुंकवाचं बोट लावलं. चौथीपाशी तो अडला. मग त्याने ते बोट खिडकीतून दिसणाऱ्या तपकिरी चकतीवर टेकवलं, हात जोडले आणि सगळ्या फ्लॉप्या पुन्हा खोळीत घातल्या.

सुट्टी संपल्यावर किसनरावांनी चौथी फ्लॉपी यंत्रात घातली. आतून खरडल्याचा आवाज आला. बाहेर काढली तर चकतीवर लाल गोल चरा उमटलेला.

डोमाजी धावत आला. “साहेब, मी तं देवासारखं केलं जी. चिठ्ठीवर बाईचं नाव होतं. त्याच्यावर बोट ठेवलं असतं तं अक्षरं पुसली असती. खाली जागा दिसली, तिथं लावलं.”

किसनराव त्याला रागावले नाहीत. “चूक माझी आहे, डोमाजी,” एवढं म्हणून खुर्चीत बसले. त्यांनी चार दिवस खटपट केली. गाण्याचा सुरुवातीचा थोडा भाग हाती लागला, बाकी गेलं ते गेलंच. मित्रांनो, त्या गाण्याचं अक्षर न् अक्षर माझ्यातून गेलं होतं. पण मी काहीच ठेवून घेत नाही, मला तशी जागाच नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

दिवाळी झाल्यावर रामबाईची लेक जिजा बाईंबरोबर आली. आईच्या मागे बाळंतपणांना आता तिलाच बोलावत होते. “मायचं गानं वाचून दाखवा जी,” ती म्हणाली.

किसनराव वाचू लागले. उच्चार चुकला की जिजा हसून नीट करायची, मग तीच पुढे होऊन गाऊ लागली. अकराव्या झाडाशी किसनराव थांबले.

“पुढचं?” जिजाने विचारलं.

काय झालं ते बाईंनी सांगितलं. जिजाने पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं.

“एवढं तं मलेही येते,” ती म्हणाली. “पुढच्यासाठीच आलती मी. उन्हाळ्यात माय म्हने, बस, शिकून घे. मी म्हटलं, आता मशीनमंदी गेलं, आता कुठं जाते? म्हनून शिकलीच नाई.”

मित्रांनो, माझ्यासारख्या नोकराच्या हाती काही सोपवाल तर आधी त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि ठेवलंय म्हणून निवांत होऊ नका. ज्याला येतं तो माणूस आहे, तोवर त्याच्यापाशी बसून शिकून घ्या. रामबाईच्या गाण्यात एकूण झाडं किती होती, हे आता कोणालाच सांगता येत नाही. जिजाला अकरा येतात.