यजमानीण आता काय करेल?

समीक्षाच्या पायाच्या अंगठ्याला झोक्याची दोरी बांधलेली असायची आणि मांडीवर तैवानच्या अकरावीच्या पोरांचा इंग्रजीचा पेपर. दोरी ओढली की बबडी झुलायची, झुलली की झोपायची. आणि ती झोपली की नांदुऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बसून समीक्षा अशी संभाषणं लिहायची, जी दूर समुद्रापलीकडे चिनी बोलणाऱ्या मुलांनी हेडफोन लावून ऐकायची आणि खालच्या चार उत्तरांपैकी एकावर खूण करायची.

काम पुण्याच्या एका कंपनीचं होतं. मुलांना ऐकून किती कळतं, वाचून किती कळतं, हे तपासणाऱ्या परीक्षा ती कंपनी बनवायची. तैवानच्या शाळांनी त्यांना सांगितलं होतं, आमच्या पोरांना विलायती इंग्रजी ऐकून ऐकून कंटाळा आला, जरा तुमच्याकडचं रोजचं बोलणं येऊ द्या. म्हणून कंपनीच्या गार्गी मॅडमनी इंग्रजीत एम.ए. झालेल्या समीक्षाला आधी चाचणीपुरतं काम दिलं. जमलं तर पुढे कायम, नाही तर नमस्कार.

आणि जमत नव्हतं.

पहिलं संभाषण तिने एस.टी. स्टँडवरचं लिहिलं. एक माणूस खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, दुसरा चढून तिथे बसतो, आणि मग दोघांची जुंपते. गार्गी मॅडमनी लिहिलं, "रुमाल सीटवर पडल्याने सीट त्याची कशी होते? मुलांना तर्क लागणार नाही." दुसरं होतं बाजारातलं. बाई भाव पाडते, तरातरा निघून जाते आणि भाजीवाला तिला हाक मारतो. त्यावर शेरा आला, "ती गेली आहे. व्यवहार संपला आहे. तो हाक का मारतो?" समीक्षाने तो शेरा दोनदा वाचला आणि तिला गार्गी मॅडमची कीवच आली. ह्या बाईने आयुष्यात किती महाग वांगी खाल्ली असतील!

तिसरं मात्र पुढे गेलं. त्यात एक बाई दुसरीकडे पाहुणी म्हणून येते. यजमानीण विचारते, चहा करू का? पाहुणी म्हणते, नको नको, आत्ताच घेतला. यजमानीण म्हणते, अर्धा कप तरी. पाहुणी म्हणते, खरंच नको, कशाला त्रास. प्रश्न होता, यजमानीण आता काय करेल? अ, पाहुणीशी नुसत्या गप्पा मारेल. ब, तिला निरोप देईल. क, चहा करेल. ड, तिला जेवायला वाढेल.

समीक्षाने उत्तर दिलं होतं, क. गार्गी मॅडमनी ते खोडून अ केलं. "पाहुणीने दोनदा स्पष्ट नाही म्हटलं आहे."

मग तैवानच्या एका शाळेत त्याची चाचणी झाली आणि घोटाळा झाला. जवळजवळ अख्ख्या वर्गाने क लिहिलं. वर्गात पहिली येणारी मुलगी चुकली. दुसरा, तिसरा, सगळे हुशार चुकले. बरोबर आला तो शेवटच्या बाकावरचा एकच मुलगा, आणि चौकशी केल्यावर कळलं की तो झोपला होता. त्याने डोळे उघडल्याबरोबर सगळीकडे अ लिहून टाकलं होतं.

जो प्रश्न हुशारांना चुकवतो आणि झोपलेल्याला पास करतो तो प्रश्न सदोष, असा त्या धंद्यातला नियम आहे. गार्गी मॅडमनी व्हिडिओवर बैठक बोलावली. त्या शाळेच्या मिस लिन तैवानहून येणार, मॅडम पुण्याहून, समीक्षा नांदुऱ्याहून. निकाल तिथेच. हेही संभाषण रद्द झालं तर समीक्षाची चाचणी संपली, असं मॅडमनी स्पष्ट कळवलं होतं, शेवटी एक हसरा चेहरा टाकून.

शेखर, म्हणजे समीक्षाचा नवरा, म्हणाला, "जाऊ दे ना. नाही झालं तं नाही झालं. बबडी मोठी झाली की पाहू." त्याचं चुकत नव्हतं. पण बबडी झाल्यापासून समीक्षाला सगळे बबडीची आई म्हणत होते. दूधवाला, शेजारीण, दवाखान्यातली नर्ससुद्धा. ते ऐकून तिला आतून गोडच वाटायचं. तरी मेलच्या वर 'प्रिय समीक्षा' असं दिसलं की कुणीतरी जुन्या ओळखीचं भेटल्यासारखं व्हायचं. ते तिला सोडायचं नव्हतं.

बैठक दुपारची. मोबाईलला रेंज फक्त पुढच्या खोलीत खिडकीशी येते, म्हणून टेबल तिथे. मागे दिवाण. आतल्या खोलीत ओटा, ओट्यासमोर झोका, झोक्यात बबडी, एक मूठ गालाखाली घेऊन.

"आई, अर्धाच घंटा पाहिजे मले," समीक्षा सासूला म्हणाली. "भांडं वाजू देऊ नका. लायटर नाही, मिक्सर नाही, कुटणं नाही. बबडी उठली की संपलंच."

"तू काळजी करू नको," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "चिमणी जरी बोलली तं माह्यं नाव बदलजो."

रुख्मिणीबाईंनी ते काम बोर्डाच्या परीक्षेसारखं घेतलं. टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद केलं. दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं. शेजारणीची पाण्याची मोटर थांबवली. भोंगा लावून येणाऱ्या कांदेवाल्याला गल्लीच्या तोंडावरूनच परत लावून दिलं, आणि वर त्याला सांगितलं, "चीनच्या लोकायची मीटिंग हाय, समजलं काय बे?" तैवान वेगळं असतं हे समीक्षाने त्यांना किती वेळा सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, "असन. पण चीन म्हटलं की माणूस आयकते."

बैठक सुरू झाली. समीक्षाने एका कानात हेडफोन घातला, दुसरा कान बबडीसाठी मोकळा ठेवला. मिस लिन चाळिशीच्या, गोल चष्म्याच्या, हसऱ्या. गार्गी मॅडमच्या मागे पुस्तकांचं कपाट, त्यात एक पुस्तकही वाकडं नाही. बोलणं अर्थातच इंग्रजीत.

"माझं म्हणणं सोपं आहे," गार्गी मॅडम म्हणाल्या. "परीक्षा ऐकण्याची आहे, मनातलं ओळखण्याची नाही. नाही म्हणजे नाही."

"पण मॅडम," समीक्षा म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्याच्या नाहीवर कुणी थांबत नाही. कुठल्याही घरात जा, पाहुणी नाही म्हणते आणि चहा होतोच."

आणि नेमक्या त्याच क्षणी दारात पाहुणी आली.

शेखरची आत्या, धाडच्या पुष्पाबाई. अकोल्याला लेकीकडे निघाल्या होत्या, नांदुऱ्याला गाडी धरायची होती, गाडीला वेळ होता. हातात कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली. रुख्मिणीबाईंनी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर बोट ठेवलं, म्हणजे जवळजवळ ठेवलंच, आणि नणंदेला ओढून दिवाणावर बसवलं.

"हळू बोला, पुष्पाबाई. सुनेची चीनच्या लोकायसंग मीटिंग सुरू हाय."

"चीन?" पुष्पाबाईंचे डोळे मोठे झाले. "काऊन? काय केलं तिनं?"

"काही केलं नाही. नोकरी हाय." मग रुख्मिणीबाईंनी कुजबुजत विचारलं, "च्या मांडू काय?"

"नको वो वहिनी," पुष्पाबाई पदराने वारा घेत म्हणाल्या. "आताच स्टँडवर घेतला."

रुख्मिणीबाईंच्या जिवात जीव आला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसल्या.

पडद्याच्या कोपऱ्यात समीक्षाला स्वतःची छोटी चौकट दिसत होती आणि त्या चौकटीत, तिच्या खांद्यामागे, आत्या. पदराने वारा घेणारा हात मधेच थांबला होता. धाडपासून दोन बसा बदलून आलेल्या सख्ख्या नणंदेला वहिनी 'बरं' म्हणाली होती. साठ वर्षांच्या आयुष्यात पुष्पाबाईंचा 'नको' इतक्या लवकर कुणी मान्य केला नव्हता.

"मागे कोण आहे?" गार्गी मॅडमनी विचारलं.

"माझ्या मिस्टरांची आत्या. सॉरी मॅडम, आत्ताच आल्या."

"तुमच्या सासूबाईंनी त्यांना काय विचारलं?"

खोटं बोलायला हवं होतं. पण समोर हेडफोन लावून बसलेल्या त्या दोघी ऐकण्याच्याच परीक्षा घेणाऱ्या. "चहा करू का, असं," समीक्षा म्हणाली.

"आणि त्या?"

"नको म्हणाल्या."

"आणि सासूबाई?"

समीक्षाने मागे पाहिलं. सासूबाई पाठ ताठ करून, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. सुनेच्या नोकरीसाठी आपण चिमणीसुद्धा बोलू दिली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"बसल्या आहेत," समीक्षा म्हणाली.

"म्हणजे अ," गार्गी मॅडम अगदी मायेने म्हणाल्या. "तुमच्याच घरात."

झालं. समीक्षाला वाटलं, आता हसरा चेहरा टाकलेला मेल येणार. मिस लिन मात्र पडद्याच्या इतक्या जवळ आल्या होत्या की नुसता चष्माच दिसत होता.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "त्या बाईंकडे बघा."

तिघी बघू लागल्या.

पुष्पाबाई उठल्या. "चला, निघते मी. माह्यी गाडी चुकीन." पिशवी उचलली. दोन पावलं टाकली. वहिनीने "बसा ना" म्हणावं म्हणून थांबल्या. वहिनीने भीतीने नुसताच हात हलवला. पुष्पाबाई परत बसल्या. पिशवी पुन्हा खाली. मग आतल्या खोलीकडे, ओट्याच्या दिशेने मान लांब केली आणि जणू भिंतीला सांगितलं, "दादा असता तं गोष्ट वेगळी होती."

दादा, म्हणजे रुख्मिणीबाईंचे यजमान इंद्रभान, वारले नव्हते, काही नाही. वांग्याला पाणी द्यायला शेतात गेले होते.

"ही माझी मावशी आहे," मिस लिन म्हणाल्या.

"काय?" गार्गी मॅडम.

"अशीच आहे माझी मावशी. नाही म्हणते आणि बसून राहते. एकदा माझ्या नवीन लग्न झालेल्या भावजयीने तिचं नाही खरं मानलं. तीन वर्षं झाली, अजून सणाला तो विषय निघतो." त्या हसायला लागल्या. "माझी मुलं चुकली नाहीत, मिस गार्गी. त्यांनी नीट ऐकलं. त्या सगळ्यांना अशी एकेक मावशी आहे."

"पण ह्या बाई खरंच चहा पिऊन आल्या असतील," गार्गी मॅडम हट्टाने म्हणाल्या. "त्यांनाच विचारा ना."

समीक्षाने खुर्ची वळवली. "आत्या, ह्या मॅडम पुण्याहून विचारून राह्यल्या, तुम्हाला चहा पाहिजे काय?"

पुष्पाबाईंनी पदर सावरला, पडद्यावरच्या दोन बायकांकडे पाहून हात जोडले आणि अत्यंत दुखावलेल्या, अत्यंत अदबशीर आवाजात म्हणाल्या, "नको म्हणा त्याहिले. कायले उगीच तरास."

समीक्षाने ते इंग्रजीत सांगितलं. मिस लिन हसता हसता टेबलावर वाकल्या, मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "कृपा करून लवकर चहा करा. मला बघवत नाही."

"आई," समीक्षा म्हणाली, "मांडा."

"आवाज होईन."

"होऊ द्या."

पुढच्या मिनिटाला लायटर चार वेळा खटखटला, पातेलं आपटलं, आलं दणादण कुटलं गेलं, आणि बबडीने गळा काढला. समीक्षा हेडफोन काढून धावली, तिला उचलून मांडीवर घेऊन परत बसली. बबडीने झोपाळल्या डोळ्यांनी तैवान पाहिलं आणि रडायची थांबली. मागे पुष्पाबाई "अवो कायले केला, मी नको म्हटलं ना" असं म्हणत कप दोन्ही हातांनी घेत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाडी चुकण्याची आता कसलीही काळजी नव्हती.

गार्गी मॅडम त्या चौकटीकडे बघत म्हणाल्या, "उत्तर क. पण संभाषणात एक वाक्य वाढवू. पाहुणी नको म्हणते आणि पिशवी खाली ठेवते. म्हणजे झोपलेल्या मुलालाही कळेल."

मिस लिन निरोप घेऊन गेल्या. चौकटी दोनच उरल्या. आता मॅडम मराठीत बोलू लागल्या, आणि हेडफोन काढलेला असल्याने ते आतपर्यंत ऐकू जात होतं.

"समीक्षा, चाचणी संपली असं समजू. पुढच्या महिन्यापासून कायम करशील का काम? ते रुमालाचं संभाषणही पुन्हा पाठव. तुला जमेल ना, लहान बाळ आहे?"

समीक्षाच्या मांडीवर बबडीचं ऊन ऊन वजन, नाकात आल्याचा वास. आणि तोंडून, आईने लहानपणापासून जे वळण लावलं होतं तेच निघालं.

"नाही नाही मॅडम, कशाला. तुम्हाला उगीच त्रास."

गार्गी मॅडमनी पेन उचललं. "ठीक आहे मग," त्या म्हणाल्या, "मी दुसरं कोणी..."

आतून पातेलं दणकन ओट्यावर आपटलं आणि रुख्मिणीबाईंचा आवाज साऱ्या घरात घुमला.

"अव हो म्हण व पोट्टे! पुण्याच्या लोकायले दोनदा विचाराची सवय नसते!"

गार्गी मॅडमचं पेन हवेतच राहिलं. दिवाणावरून पुष्पाबाई बशीतला शेवटचा घोट घेत म्हणाल्या, "बरोबर हाय वहिनीचं."

"हो," समीक्षा म्हणाली. "हो मॅडम. हो."