ऐकून काढलेली तसबीर

गनीभाई आणि पुंजाराम या दोन पेंटरांचं नगरच्या माळीवाड्यात एकच दुकान होतं आणि मधे भिंत नव्हती, त्यामुळे त्यांचं भांडण दिवसभर चालायचं. शेजारचं काचा-चौकटींचं दुकान माझं, म्हणजे राधाकृष्णचं. ते तसबिरी काढायचे, मी त्यांना चौकट घालायचो, म्हणून दोघंही मला आपापल्या बाजूचा साक्षीदार समजत. मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. काच कापताना माणूस दुसऱ्याच्या भांडणात रमला तर अंगठा जातो.

लढाईचे दिवस होते. विलायती रंगांच्या नळ्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या आणि दोघं जवसाच्या तेलात मिळेल ती पूड घोटून वेळ भागवत. लष्कराच्या गाड्यांवर आकडे घालायचं काम मात्र भरपूर होतं आणि पोटं त्यावरच चालत. पण आकडे घालणाऱ्याला कलावंत कोण म्हणतो? दोघांची खरी मिजास होती ती मेलेल्या माणसांच्या तसबिरीत. खेड्यांतून बायाबापड्यांचे फोटो काढायची चाल नव्हती. बाई मरायची, काही वर्षं जायची, मग घरात कार्य निघालं की सगळ्यांना रुखरुख लागायची. ते नगरला यायचे आणि म्हणायचे, आमच्या म्हातारीची तसबीर काढून द्या. फोटो आहे का? नाही. मग कशावरून काढायची? ते तुम्ही बघा, पेंटर तुम्ही आहात.

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. पुंजारामच्या हातात एकच चेहरा होता. सीता काढली तरी तोच, किराणा दुकानाच्या पाटीवरची लक्ष्मी काढली तरी तोच, कुणाची आजी काढली तर त्यालाच चार सुरकुत्या. एकदा एक पाटील तणतणत आला. त्याची आई आणि समोरच्या दुकानावरची लक्ष्मी सारख्याच दिसतात म्हणाला. पुंजाराम शांतपणे म्हणाला, "मग त्यात वाईट काय झालं?" पाटील तसबीर घेऊन गेला.

हा चेहरा कुणाचा, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. त्याच्या बायकोचा नव्हता. ती बनुबाई स्वतःच तसं सगळ्या आळीला सांगत फिरायची. पुंजाराम म्हणाला, नेवाशाच्या जत्रेत एक खेळणीवाली बघितली होती, गर्दीत, वळता वळता. "नीट बघितली असती तर एकदाच काढली असती आणि सुटलो असतो. नीट बघितली नाही, म्हणून अजून काढतोय."

"नाचता येईना अंगण वाकडं," गनीभाई आतून ओरडला. "दुसरा चेहरा जमत नाही म्हण की सरळ!"

गनीभाईची तऱ्हा उलटी. माणसाची सूरत काढतो म्हणून मोहल्ल्यातले काही जण त्याला टोकत. तो म्हणायचा, मी माणूस काढत नाही, माणसाचं सांगणं काढतो. म्हणजे तो शेजारी बसवून ऐकायचा आणि कोळशानं फळीवर उतरवत जायचा. नाक कसं, डोळे कसे, असलं विचारायचाच नाही. रागावली की कुठं बघायची? कुणी मागून हाक मारली तर नुसती मान वळवायची की सगळी वळायची? लोक आधी गोंधळायचे, मग बोलत सुटायचे. त्याच्या कानावर त्याचा इतका विश्वास होता की तो बघण्याला जवळजवळ कमी लेखायचा.

आसाराम आला तो या गनीभाईकडे. जेऊरच्या पलीकडचा हा शेतकरी ज्वारीची पोती अडतीवर घालायला नगरला यायचा. बरोबर बायको, लंकाबाई, हनुवटीच्या खाली पदर ओढून दाराशी बसलेली. परक्या पुरुषांसमोर ती पदर वर करायची नाही. बहुतेक बोलायचा तो.

"पोरीचं लगीन हाय," आसाराम म्हणाला. "गोजर नाव तिचं. तिला जल्म दिला आन तिची आई गेली, रंगुबाई. पोरीनं आई बघितलीच न्हाई. देवकापाशी आईची तसबीर ठिवायची म्हनती. ही दुसरी माझी. हिनंच सांबाळली पोरीला."

"फोटो?"

"न्हाई."

"चांदीचा टाक हाय," पदराआडून लंकाबाई म्हणाली. दुसरेपणावर आलेली बाई मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात बांधते, तसा तिनंही बांधला होता. तिनं तो पोलक्यातून ओढून पुढं केला. सोनारानं दोन टिंबं डोळ्यांना मारली होती आणि एक रेघ तोंडाला. गनीभाईनं तो बघितला आणि परत दिला.

"नवं लुगडं आलं की आदी हिला दावती, मंग नेसती," लंकाबाई म्हणाली. "येवडी वर्सं घरात कुनाचं काय आडलं तर हिचा कोप झाला म्हनत्यात. आता पोरीच्या कार्यात तरी हिचा मान ऱ्हायला पायजे. तुमी बेस काढा, पेंटर."

गनीभाई म्हणाला, "काढणारा मी नाही, हे काढतील," आणि आसारामला शेजारी बसवलं.

त्या खेपेला आसाराम तासभर घाम पुसत आढ्याकडे बघत राहिला. पुंजाराम पलीकडून आकडे घालता घालता मला डोळे मिचकावत होता. पुढच्या खेपेला त्याची जीभ थोडी सुटली. त्याच्या पुढच्या खेपेला तर तो फळीवर बोट ठेवून सांगायला लागला, हितं जरा खोल, हितं न्हाई, हितं. बायकोला तो अशा वेळी मंडईत पाठवून द्यायचा. दुसरीसमोर पहिलीचं कौतुक करायला त्याला लाज वाटत असावी. मला त्या माणसाबद्दल बरं वाटलं. कोरडवाहू शेती करणारा गडी, आयुष्यात कुणी त्याला बायकोबद्दल चार वाक्यं विचारली नसतील. आता त्याला थांबवणं कठीण झालं होतं. डाव्या जबड्याखाली भाजल्याचा डाग होता, हेही त्यानं सांगितलं. हुरड्याच्या आगटीपाशी बसली होती, ठिणगी उडाली.

गनीभाई कधी नव्हे इतका खूश होता. "बघ पुंजा," तो म्हणायचा, "ही कुणाची लक्ष्मी नाही. ही एक बाई आहे. रस्त्यात भेटली तर तू ओळखशील."

"मेलेली बाई रस्त्यात कशाला भेटेल?" पुंजाराम म्हणाला. पण तसबिरीकडे तो सारखा बघत होता, हे मी पाहिलं. चेहरा खरंच जिवंत उतरला होता. दोघांचं काम मी वर्षानुवर्षं चौकटीत घातलं, पण असली तसबीर माझ्या हातून गेली नव्हती.

ती तयार झाली त्या दिवशी नवराबायको दोघं आले. गनीभाईनं तसबीर उजेडात भिंतीला टेकवून ठेवली. आसारामनं बघितलं आणि त्याचे डोळे भरले. "हीच," तो म्हणाला. "अगदी हीच."

लंकाबाई सवतीपुढं हात जोडायला पुढं झाली. नीट दिसावं म्हणून तिनं पदर वर सारला, हात जोडले आणि तशीच उभी राहिली.

आम्हीही बघितलं. आधी तसबिरीकडे, मग तिच्याकडे. तेच खोल डोळे, तेच जरा पुढं आलेले दात झाकायला मिटलेले ओठ. डाव्या जबड्याखाली डाग.

"ह्यो डाग माझा हाय," लंकाबाई म्हणाली. "हुरड्याची ठिणगी मला लागली हुती. तुमीच काकडीचा रस लावला हुता."

आसारामनं तसबिरीकडे पुन्हा बघितलं, मग बायकोकडे, आणि त्याचा चेहरा पार उतरला. तो खाली बसला. त्यानं डोळे गच्च मिटले. मला वाटलं त्याला भोवळ आली. पण तो शोधत होता. बराच वेळ शोधून त्यानं डोळे उघडले.

"दिसना," तो म्हणाला. "रंगू दिसना मला. मी म्हनलं, मी तिचंच सांगतोय."

मला त्याची फार दया आली. मेलेल्या माणसाला आपण मनात जपून ठेवलंय असं समजून जगायचं, आणि एके दिवशी कोठी उघडून बघावी तर आत दुसरंच धान्य. त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक? पण तो मान खाली घालून असा बसला होता जणू त्यानंच तिला दुसऱ्यांदा मारलं होतं.

गनीभाई कोळशानं काळे झालेले हात बघत उभा होता. पुंजारामला आयुष्यात एकदाच बोलायची अशी संधी आली होती आणि तो बोलला नाही. याबद्दल मी त्याला पुढं कायम मान दिला.

सगळ्यांत आधी भानावर आली ती लंकाबाई. पदर पुन्हा खाली आला आणि आवाज कडक झाला. "ही तसबीर चालायची न्हाई. गावात आदीच म्हनत्यात, सावत्र आईनं पयलीचं नाव पुसलं. आता देवकापाशी माझं तोंड ठिवलं तर काय म्हनतील? सवतीच्या पाटावर सोताच जाऊन बसली म्हनतील. पोरगी मांडवात रडंल. दुसरी काढा."

"कशावरून काढू, माई?" गनीभाई म्हणाला. "सांगणाराच राहिला नाही."

पुंजारामनं आपला कुंचला पुसला. "मी काढतो," तो म्हणाला. "मला सांगायला कुणी लागत नाही."

ते दोघं अडतीवरून हिशेब आटपून येईपर्यंत त्यानं रेखाटलं होतं आणि पुढच्या खेपेला रंगवून दिलं. नेवाशाच्या जत्रेतली खेळणीवाली, जरा तरुण, कपाळावर ठसठशीत कुंकू. आसारामनं ती दोन्ही हातांत धरून बघितली. समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीवरून तोच चेहरा आमच्याकडे बघत होता. सुदैवानं त्याची पाठ तिकडे होती.

"हीच," तो म्हणाला. या वेळी त्याचे डोळे भरले नाहीत. लंकाबाईनं मान हलवली, खाली वाकून तसबिरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मी चौकट घातली. गोजरचं लग्न त्या तसबिरीपुढं नीट पार पडलं असं नंतर कळलं. पोरगी म्हणे तसबिरीवरून हात फिरवत बसली होती आणि आपलं नाक आईवर गेलंय असं सगळ्यांना सांगत होती.

गनीभाईनं आपली तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. बरेच दिवस त्यानं नुसते आकडे घातले. पुंजारामनं एकदा त्याला समजावलं. "अरे, तू ऐकलंस तेच काढलंस. तुझा कान खोटा ठरला नाही."

"कान खरा ठरून काय उपयोग?" गनीभाई म्हणाला. "त्या माणसाजवळ पहिलीची एवढी एकच आठवण होती, ती मी घालवली. नुसतं लंकाबाईला एकदा म्हटलं असतं, माई, पदर वर घ्या! पण मला कुठं बघायला आवडतं?"

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी लंकाबाई एकटीच दुकानात आली. आसाराम अडतीवर होता. तिला बघून गनीभाई घाईघाईनं उठला. त्याला वाटलं लग्नात काहीतरी बिनसलं.

"बेस झालं समदं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ती तसबीर हाय का?"

त्यानं ती फिरवून उजेडात ठेवली. "न्या माई. तुमचीच आहे. पैसे नकोत."

"जित्या बाईची तसबीर भितीला लावीत न्हाईत. घरात काय सांगू? ठिवा हितंच." पण ती गेली नाही. तसबिरीसमोर खाली बसली. आजूबाजूला आम्ही तिघंच होतो. तिनं पदर मागं सारला. घरात आरसा असेल तर हाताच्या पंजाएवढा असेल. ती बराच वेळ बघत होती.

"मला मंडईत धाडायचे तवा," ती म्हणाली, "काय काय सांगितलं हुतं ह्यांनी?"

गनीभाईनं आमच्याकडे बघितलं. पुंजारामनं कुंचला खाली ठेवला.

"म्हणाले," गनीभाई हळूच बोलला, "दळायला बसली की गाणं म्हणती, पण मी उठलोय असं कळलं की थांबती. म्हणून मी डोळं मिटून पडून ऱ्हातो."

लंकाबाई तसबिरीच्या जरा जवळ सरकली.

"म्हणाले, तिच्या कानामागचे केस कधी अंबाड्यात बसत नाहीत. वाकली की पुढं येतात आणि ती हातानं नाही, फुंकरीनं मागं सारती. म्हणाले, भाकरी चांगली झाली तर माझ्याकडं बघत नाही, करपली तर बघती. म्हणाले, मला ताप आला तेव्हा ती पाण्याची पट्टी बदलायला उठायची आणि तिची सावली भिंतीवर हलली की मला बरं वाटायचं. म्हणाले, देखणी म्हणावी का नाही ते मला ठावं न्हाई, पेंटर, पर बाजारातनं घरी जाताना ती दारात दिसली न्हाई तर पाय उचलत न्हाई."

बाहेरून लष्कराची गाडी गेली. तिची धूळ आत येऊन खाली बसली.

"घरात येक सबुद काढला न्हाई कदी ह्या मानसानं," लंकाबाई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले, तोंड पुसलं, आणि पदर होता तसा खांद्यावरच राहू दिला. "येक सबुद न्हाई."

अडतीवरून आसारामच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला. गनीभाई म्हणाला, "माई, गाडी आली तुमची."

"येऊ द्या," ती म्हणाली. "पयल्यापास्नं सांगा परत."