फाटक उघडेपर्यंत

आमच्या अब्बूंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. घरातली सहा घड्याळं एकदम ठोके देतात. एखादं मागे राहिलं तर अब्बूंना जेवण गोड लागत नाही. तेव्हा कॉलेजच्या समाजसेवेच्या प्रोजेक्टमध्ये मला, म्हणजे मिसबाला, शाळेची घंटा मिळाली यात नशिबाचा हात असावा, असं मला वाटलं.

शाळा खडकीत, रेल्वे फाटकाला लागून. शिपाई रंगराव महिनाअखेरीस निवृत्त होणार, नवा शिपाई मिळणार नाही. म्हणून मुख्याध्यापिका पद्मजाबाईंना आपोआप वाजणारी घंटा हवी होती. मी आणि माझा जोडीदार सलिल दोन आठवडे रोज सकाळी शाळेच्या गच्चीवर बसून रंगरावांच्या घंटेची वेळ टिपत होतो. थंडीचे दिवस. धुकं इतकं की शाळा कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. त्यातून गाडीची शिटी तरंगत यायची, मग पितळी घंटेचा एकच टोला पडायचा आणि मी झोपेत असल्यासारखी आकडा लिहायचे. सात तीस. सात चौतीस. सात एकतीस. एकदा तर सात सदतीस!

"बाबा डुलकी काढतात," सलिल म्हणाला. "टोटल ह्यूमन एरर."

मीही हसले. रंगराव आमच्या शेजारीच कठड्याला टेकून धुक्यात टक लावून उभे असायचे. काय बघता, असं आम्ही एकदाही विचारलं नाही. आम्ही इंजिनिअर ना! मान खाली, डोळे मोबाइलच्या घड्याळावर.

सोमवारी आमची घंटा बसली. बरोबर साडेसातला, सेकंदही इकडचा तिकडे न होता, ती वाजली. मी स्वतःवर खूश होऊन मान वर केली.

"अहो ताई, फाटक बंद हाय!" रंगराव ओरडले.

धुकं जरा विरळ झालं होतं. फाटकापलीकडे पाठीवर दप्तरं घेतलेली तीसेक मुलं उभी दिसली. फाटक बंद असेपर्यंत शाळेची घंटा होत नाही, हे त्यांना बालवाडीपासून ठाऊक होतं. आज ती झाली होती. उशीर झाला या भीतीने तिसरीतली ओवी सगळ्यांत आधी वाकली आणि फाटकाच्या दांडीखालून रुळांकडे शिरली. तेवढ्यात शिटी ऐकू आली.

स्वप्नात पळायला जावं आणि पाय उचलू नयेत, तसं माझं झालं. एवढ्या लांबून हाक पोचणार नव्हती. रंगरावांनी हाक मारलीच नाही. जिन्याशी टांगलेल्या जुन्या घंटेचा दांडका उचलून ते ठोकत सुटले. घणघणघणघण! शाळा सुटल्याची घंटा.

ओवी थबकली. सुट्टीची घंटा ऐकून मागे फिरणार नाही असं पोर जगात जन्मलेलं नाही. ती आनंदाने किंचाळत दांडीखालून परत गेली आणि तीसच्या तीस मुलं घराकडे पळाली. मग गाडी गेली. गच्ची कितीतरी वेळ थरथरत होती.

रंगराव पायरीवर बसले. मला रडू आवरेना. "बाबा, आधी सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

आम्ही घंटेचं घड्याळ काढलं आणि गच्चीवर एक बटण बसवलं. आमचे श्रीनिवास सर म्हणाले, "वा! बटण, आणि ते दाबायला माणूस. आपण फारच प्रगती केलीत." चार मार्क कापले. पद्मजाबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "एक तारखेपासून गच्चीवर मी उभी राहीन."

रंगरावांच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बटणापाशी मला उभं केलं. धुकं होतंच. साडेसात वाजून गेले. माझ्या अंगातलं अब्बूंचं रक्त सारखं अंगठ्याकडे धावत होतं. गाडी गेली, दांडी हळूहळू वर झाली, मुलं रूळ ओलांडू लागली. सगळ्यांत शेवटी ओवी, बुटाची नाडी सुटलेली. तिने फाटकाच्या अलीकडे, शाळेच्या बाजूला पाय ठेवला.

सात छत्तीस झाले होते.

"आता झाली बघा वेळ," रंगराव म्हणाले, आणि मी बटण दाबलं.